चिंचखांडातलं एक मत

१९८५ च्या विधानसभा निवडणुकीत आपण कपबशीवर शिक्का मारला होता, असं उघडपणे सांगणारी चिंचखांडात एकच व्यक्ती आहे. तिचं नाव गोदूबाई भगत. त्या निवडणुकीत गावच्या पेटीतून कपबशीला दोनशे सहा मतं पडली होती. बाकीची दोनशे पाच कोणाची, हे आता सांगता येत नाही.

चिंचखांड हा बदलापूर आणि वांगणीच्या मधला आगऱ्यांचा पाडा. रेल्वेपासून आत, ओहोळाच्या पलीकडे. हा ओहोळ पुढे उल्हास नदीला मिळतो. पावसाळ्यात नदी चढली की ओहोळाचं पाणी मागे फुगतं आणि गाव अडकून पडतं. मग दूध बदलापूरला जात नाही, अंबरनाथच्या कारखान्यांत कामाला असलेल्या माणसांचे खाडे होतात, आणि आजारी माणसाला पाणी उतरेपर्यंत आजारी राहावं लागतं. त्यामुळे चिंचखांडाला राजकारणातलं एकच कळत असे: साकव. ओहोळावर छोटा का होईना, पण पक्का पूल. जो साकव देईल त्याला मत.

गोदूबाई या गावची धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात भटजी असतो, पण त्याच्या आधी धवलारीण लागते. हळदीपासून सगळे विधी तिच्या गाण्यांवर चालतात. ती एकेका घराण्याच्या देवांना आणि गेलेल्या माणसांना नावं घेऊन मांडवात बोलावते आणि त्यांच्या साक्षीने लग्न लावते. गोदूबाईचा आवाज जाड होता आणि फारसा गोड नव्हता, पण तो ओहोळापलीकडे ऐकू जाई. नवरा रघु १९८३ मध्ये गेला. त्यानंतर थोडी भातशेती, हिवाळ्यात बदलापूर स्टेशनबाहेर भाजी विकणं, आणि लग्नसराई, यावर तिचं आणि मुलगी काशीचं चाले. विधवा असूनही मांडवात तिची अडचण होत नसे. धवलारणीला ती सूट होती.

नारळाच्या बाबतीत ती सूट नव्हती.

चिंचखांडात मत कोणाला द्यायचं हे गावकी ठरवत असे. निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात गावदेवीच्या ओट्यावर बैठक बसे. चर्चा होई, ती बहुधा आधीच ठरलेल्या गोष्टीवर. मग गावकीचा प्रमुख बाळा भोपी दोन्ही हातांत नारळ धरून उभा राही आणि प्रत्येक घराचा कर्ता पुरुष त्यावर शपथेचा हात ठेवी. तो हात घरातल्या सगळ्या मतांचा धरला जाई, बायकोचा, आईचा, सुनांचा. बायका ओट्याखाली उभ्या राहून हे पाहत आणि नंतर स्वयंपाकाला जात.

१९८५ मध्ये दोन उमेदवार जोरात होते. त्यांची नावं आणि पक्ष इथे महत्त्वाचे नाहीत; गावही त्यांना निशाणीनेच ओळखत होतं. एक कपबशीवाले, उल्हासनगरकडचे. दुसरे शिडीवाले, बदलापूरचे. कपबशीवाले चिंचखांडात आले, ओहोळ पाहिला, चपला हातात घेऊन ओलांडला आणि ओट्यावर उभे राहून म्हणाले, "साकव माझा. पण मला शंभर टक्के गाव पाहिजे. एक मत जरी समोर गेलं तरी मी समजेन की गावात फूट आहे. फुटलेल्या गावाला साकव देऊन काय करायचं? भांडायला दोन्ही बाजूंना उभे राहाल."

गाव हसलं. त्याच संध्याकाळी नारळ काढला. सत्तेचाळीस घरांचे सत्तेचाळीस हात पडले, नारळ धरणाऱ्या बाळाचा त्यातच मोजून. गाव अठ्ठेचाळीस घरांचं होतं. गोदूबाईच्या घरात पुरुष नव्हता, त्यामुळे तिच्या घराचा हात कोणी ठेवला नाही, आणि हे त्या वेळी कोणाच्या लक्षातही आलं नाही.

मतदान शाळेत झालं. मोजणीच्या दिवशी पेट्या एकेक करून उघडल्या जात आणि टेबलाशी बसलेले दोन्हीकडचे प्रतिनिधी कागदावर आकडे लिहून घेत. कोणत्या गावाने काय केलं हे संध्याकाळपर्यंत सगळ्या तालुक्याला कळे. चिंचखांडाच्या पेटीतून कपबशीला दोनशे सहा निघाली. सात मतपत्रिका बाद झाल्या. कोणी शिक्का दोन ठिकाणी मारला होता, कोणी मागच्या बाजूला. त्या सात जणांवर कोणी बोट ठेवलं नाही, त्यांची नियत चांगली होती असं धरण्यात आलं. आणि शिडीला एक मत निघालं.

कपबशीवाले निवडून आले. सत्काराला आले तेव्हा हार घालून घेतला, पेढा खाल्ला आणि म्हणाले, "एक गेलं ना? मी बोललो होतो. आधी घर सांधा, मग ओहोळ सांधू."

एक मत कोणाचं, हे शोधायला गावकीला फार वेळ लागला नाही. बाळा भोपीने ओट्यावरच हिशोब मांडला.

"सत्तेचालीस घरां, सत्तेचालीस हात. नारलावर हात ठेवलेला मानूस फिरनार नाय. मंग हात कोनाचा नवता?"

सगळ्यांनी ओट्याखाली पाहिलं. गोदूबाई बायकांमध्ये उभी होती.

"मी कपबशीवरच मारला," ती म्हणाली.

"तुज्यावर शपतच नवती, गोदू. तुला मोकलीक होती."

"मोकलीक होती तरी त्यालाच दिला."

"कनाला? का म्हनून?"

"गाव बोल्ला म्हनून."

हे उत्तर गावकीला पटलं नाही. शपथ नसताना माणूस गावाचं ऐकेल, हे गावकीला संभवनीय वाटत नव्हतं. गोदूबाई पुढे आली आणि म्हणाली, "आना नारल. आता ठेवते हात."

बाळा भोपीने नारळ मागे घेतला. बाईमाणसाने नारळावर हात ठेवायची रीत नव्हती, त्यातून विधवेने. शिवाय मत दिल्यानंतर घेतलेली शपथ धरायची की नाही, यावर दोन मतं पडली, आणि ती दोन्ही गोदूबाईच्या विरुद्ध होती. मग बाळाने शेवटचं सांगितलं. "जिचा शबुद खरा का खोटा ठावं नाय, तिच्या तोंडानं देवाला मांडवात बोलवायचा कसा?"

गावकीने ठराव वगैरे काही केला नाही. तिच्या विहिरीवर येण्याला कोणी हरकत घेतली नाही, समोरून आली तर लोक बोलत. फक्त लग्नाचं बोलावणं तिला येईनासं झालं. त्या वैशाखात चिंचखांडात पाच लग्नं लागली आणि पाचही मांडवांत वांगणीकडची एक धवलारीण आणली. तिला इथल्या घराण्यांची नावं ठाऊक नव्हती. एका मांडवात तिने नवरदेवाच्या जिवंत आजोबांना गेलेल्यांमध्ये बोलावलं. आजोबा पहिल्या रांगेत बसले होते. ते उठून आत गेले आणि दोन दिवस जेवले नाहीत. तरी गोदूबाईला बोलवा असं कोणी म्हटलं नाही.

ती ज्याला-त्याला सांगत राहिली, ते मत माझं नाही. भाजीच्या पाटीशी सांगितलं, विहिरीवर सांगितलं, गावदेवीला सांगितलं. पाऊस आला, ओहोळ भरला, गाव अडकलं की दर खेपेला लोक तिच्या घराकडे पाहत. ओहोळाचं पाणी आणि गोदूबाईचं मत या दोन गोष्टी गावाच्या डोक्यात एकच होऊन गेल्या. कपबशीवाल्यांना पाच वर्षांत साकवाबद्दल चार वेळा विचारण्यात आलं. चारही वेळा त्यांनी एक बोट वर केलं. गावाला त्याचा अर्थ कळे.

१९८८ मध्ये काशीचं लग्न झालं. ती तोवर उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या शिलाई कारखान्यात कामाला जाऊ लागली होती. नवरा वांगणीचा मिळाला. मुलीच्या लग्नात गोदूबाईने स्वतः धवले गायले. इतर कोणी गाणारही नव्हतं. मांडववाल्याने दोनशे खुर्च्या आणल्या होत्या. वऱ्हाड आलं, बसलं, आणि तरीही निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या राहिल्या. वरबापाने इकडेतिकडे पाहून विचारलं, "विहीणबाय, तुमचा गाव कुठाय?"

"व्हालाला पानी हाय," गोदूबाई म्हणाली, "येता येत नाय त्यांना."

वैशाख होता. ओहोळ कोरडा होता आणि वऱ्हाडाचा टेम्पो त्याच्या पात्रातूनच आला होता.

१९९० च्या निवडणुकीला शिडीवाले पुन्हा उभे राहिले. त्यांच्याबरोबर श्यामकांत ओगले नावाचे गृहस्थ होते. ओगले अंबरनाथच्या एका रसायनांच्या कारखान्यात अधिकारी, राहायला बदलापूर पूर्वेला, आणि आवड म्हणून निवडणुकांचा अभ्यास करणारे. पंच्याऐंशीच्या मोजणीला शिडीतर्फे तेच टेबलाशी बसले होते, चिंचखांडाचा तो एक त्यांनीच लिहून घेतला होता. त्या एकाने त्यांच्या मनात घर केलं होतं. अख्खं गाव एकीकडे आणि एक माणूस दुसरीकडे, याला ते जागृत जनमताची ठिणगी म्हणत. बदलापूरच्या एका व्याख्यानमालेत त्यांनी या विषयावर पाऊण तास भाषण केलं होतं. ठिणगीला ते भेटले नव्हते.

आता ते उमेदवाराला घेऊन सरळ गोदूबाईच्या दारात आले. बरोबर एक साडी होती. गाव आपापल्या ओट्यांवरून पाहत होतं. काशी त्या वेळी माहेरी आली होती.

"गोदूबाई," ओगले म्हणाले, "एवढ्या दडपणात तुम्ही जे धैर्य दाखवलंत, त्याबद्दल साहेब स्वतः आभार मानायला आलेत."

"त्यो मत माजा नाय," गोदूबाई म्हणाली.

"घाबरू नका. आता आम्ही आहोत."

"घाबरत नाय. माजा मत कपबशीला होता."

उमेदवार ओगल्यांकडे पाहू लागले. ओगल्यांनी हलक्या आवाजात त्यांना समजावलं की ग्रामीण मतदार, विशेषतः स्त्री मतदार, आपला कल उघड करत नाही. हे त्याचंच उदाहरण. उमेदवारांनी मान डोलावली, साडी उंबऱ्यावर ठेवली, नमस्कार केला आणि निघाले.

"आये, घे ना," काशी म्हणाली. "बोल, हो, माजाच होता. क्या फरक पडता है? पाच साल गावाने असंही तेच धरलंय."

"मंग त्यांचा खरा झाला."

"आन् तुजा खरा कोन मानतो?"

"मी मानते."

"तू एकटी."

"एक मतावर पाच वर्सा गेली ना गावाची," गोदूबाई म्हणाली. "मंग एकटीचा पन चालंल."

साडी तिने काशीच्या हाती ओगल्यांच्या घरी परत पाठवली. ओगल्यांनी हेही आपल्या अभ्यासात जमा केलं: मतदार निर्लोभी आहे.

त्या निवडणुकीत वारं बदललं. का बदललं यावर बरंच बोललं गेलं, चिंचखांडापुरतं सांगायचं तर लोक एक बोट पाहून कंटाळले होते. गावकीने या वेळी शिडीसाठी नारळ काढला. शिडीवाले निवडून आले आणि त्यांनी सत्काराच्या सभेत जाहीर केलं की, अंधारात ज्या गावाने आपल्यासाठी एक दिवा लावला होता, त्या गावचा साकव आपण सर्वांत आधी करू.

दिवा हा शब्द गावाला नवा होता. दुसऱ्या दिवशीपासून पंच्याऐंशीच्या त्या मताला दावेदार मिळू लागले.

पहिला दावा एका दूधवाल्याचा. तो म्हणाला, तवाच मी ओलखला होता, ह्यो मानूस कामाचा. लोकांनी विचारलं, नारळावर हात ठेवला होतास त्याचं काय? तो म्हणाला, डावा ठेवला होता. मग डाव्या हाताचे आणखी तीन निघाले. एकाने सांगितलं की त्याचा हात नारळाला लागलाच नव्हता, फक्त शेंडीला लागला होता. एकाने हात ठेवताना मनात दुसऱ्याच निवडणुकीचं नाव घेतलं होतं. उन्हाळा संपेपर्यंत दावेदार नऊ झाले. ओगल्यांकडे ही बातमी गेली, तेव्हा ते म्हणाले की याला लाट म्हणतात. लाट कधीकधी मागच्या वर्षांवरूनही जाते.

त्यांतला सर्वांत वजनदार दावा शेवटी आला, खुद्द बाळा भोपीचा. आमदार त्याला पंचायत समितीचं तिकीट देण्याच्या विचारात होते. बाळाचं म्हणणं असं होतं की नारळावर सगळ्यांनी हात ठेवला, पण त्याने ठेवला नव्हता. त्याने नारळ धरला होता. "धरनं येगला, ठेवनं येगला," तो म्हणाला. गावकीने विचार केला आणि यात चूक काढता आली नाही.

"मंग मी?" गोदूबाईने ओट्यापाशी येऊन विचारलं. "आता तं तूच बोलतोस, मत तुजा होता. मंग माजा शबुद खरा झाला ना? बोल तसा."

बाळा भोपी म्हणाला, "आता त्या जुन्या गोष्टी कनाला?"

गोदूबाईला गाव आता टाळत नव्हतं. उलट, नऊ जणांमध्ये तिचं नाव दहावं धरायला कोणाची हरकत नव्हती. पण तिचं मत कपबशीला होतं असं ती म्हणाली की लोक अवघडत. तसं म्हणणारं गावात दुसरं कोणी उरलं नव्हतं, आणि ती ते मोठ्याने म्हणत असे. लग्नाचं बोलावणं तेवढं अजून येत नव्हतं.

साकव बांधून झाला १९९२ च्या मे महिन्यात. उद्घाटनाला ओहोळाच्या काठी मांडव पडला, माईक आला, उल्हासनगरच्या कंत्राटदाराकडून खुर्च्या आणि चहाचं सामान आलं. बाळा भोपीला मंचावर बसवून हार घातला. साकवावर नारळ मात्र गोदूबाईने फोडायचा, असा ओगल्यांचा आग्रह होता, आणि तो आमदारांनी मान्य केला होता. गावकीलाही चाललं, हा नारळ गावदेवीचा नव्हता, सरकारी होता.

गोदूबाई आली. धुतलेलं लुगडं नेसली होती. ओगल्यांनी माईकवर तिची ओळख ठिणगी अशी करून दिली आणि नारळ तिच्या हातात दिला. तिने तो फोडला, एका घावात. मग माईककडे वाकून म्हणाली, "नारल फोडला, साकव गावाचा हाय म्हनून. पन त्यो मत माजा नाय. माजा कपबशीला होता."

ओगल्यांनी माईक बंद केला आणि चहा सांगितला.

चहा आला. तो कपबश्यांतून आला, कंत्राटदाराकडे तेवढ्याच होत्या. आमदारांनी एक कप स्वतः उचलून बाळा भोपीच्या बायकोपुढे, तुळशीपुढे धरला. "घ्या वैनी. आज तुमचा मान."

तुळशीने हात पदराखाली घेतला. "मी च्या घेत नाय."

"एक घोट तरी."

"नाय चालत. पोराला, जयदेवला, टायफाईड झालता तवा देवीला बोल्लेली. त्याच्या डोक्याला बाशिंग लागं परेंत कपबशीला हात लावनार नाय."

"ही पित्तामुले घेत नाय," बाळा भोपी म्हणाला. घरात तसंच सांगितलेलं होतं.

गोदूबाई दोन पावलांवर उभी होती. तिने विचारलं, "कवा बोल्लेलीस गो तू देवीला?"

"चौऱ्याऐंशीच्या दिवालीत."

"मंग पंच्याऐंशीला शिक्का कशावर मारलास?"

तुळशीने मानेनेच आमदारांच्या हातातला कप दाखवला. "कपबशीला हात लावनार नाय बोल्लेली देवीला. मंग तिच्यावर मारू कसा? खालती शिडी होती. शिडीवर मारला."

मांडवात चमचे वाजत होते ते थांबले.

"आन् सात वर्सा गप ऱ्हायलीस?"

"मना कोनी इचारलाच नाय. ह्येंनीच नारल धरलेला, ह्येंना वाटला त्यातच मी आले." मग नवऱ्याच्या गळ्यातल्या हाराकडे बोट करून ती म्हणाली, "तवा सांगितला आसता तं ह्येंनी घराभायेर काडला आसता. आता तं हार घालतात."

गोदूबाईने आमदारांच्या हातातला कप घेतला, तुळशीच्या वाट्याचा, आणि उभ्या उभ्या पिऊन टाकला. रिकामी कपबशी तुळशीपुढे ठेवली आणि घरी गेली.

बाळा भोपी मंचावर उभा राहिला. थोडा विचार करून म्हणाला, "मी बोलतच होतो. मत आमच्या घरातला." काहींनी टाळ्या वाजवल्या. श्यामकांत ओगल्यांच्या पाऊण तासाच्या भाषणात नवस कुठेही आला नव्हता.

आता सगळं सगळ्यांना कळलं होतं, म्हणून गावकीला बोलण्याची गरज वाटली नाही. बोलायचं म्हटलं तरी अडचण होती. गोदूबाई खरी म्हणावी तर प्रमुखाच्या घरातच नारळ मोडला असं होई. शिवाय कपबशी हा शब्द आता आमदारांच्या झालेल्या गावात उच्चारायचा तरी कशाला. बैठका होत राहिल्या, त्यांत रस्ता, दिवे, पाण्याची टाकी हे विषय आले. हा आला नाही.

पुढच्या वैशाखात जयदेवचं लग्न ठरलं. आठ वर्षांनी गोदूबाईला पहिलं बोलावणं आलं. अक्षता घेऊन तुळशी स्वतः आली.

"माज्या नवसाचा पोर हाय," ती म्हणाली. "तुज्याशिवाय दुसऱ्या कोनाला आनू?"

"वांगनीची हाय ना."

"ती मेलेल्याला जित्ता करील, जित्त्याला मेलेला. तू ये."

"येते. पन भोपी बोल्ला होता, माजा शबुद खरा का खोटा ठावं नाय. आता ठावं झाला ना? तं मांडवात बोलायचा, चार मानसांत. मंग मी देवाला हाक मारते."

तुळशीने निरोप पोचवला. बाळा भोपीचं उत्तर आलं की हे सगळ्यांना माहीत आहे, बोलून काय दाखवायचं. गोदूबाईचं उत्तर गेलं की, सगळ्यांना माहीत आहे ते कोणी बोललेलं नाही. यावर बाळाने काही कळवलं नाही. ती ऐन वेळी ऐकेल, असा त्याचा अंदाज होता. पंचायत समितीच्या लांबलेल्या तिकिटाचंही याच महिन्यात ठरायचं होतं आणि आमदार लग्नाला येणार होते.

लग्नाच्या दिवशी गोदूबाई वेळेवर आली. मांडवात धवलारणीची जागा ठरलेली असते, तिथे बसली. नवरदेव पाटावर आला. हळकुंड, तांदूळ, तांब्या, सगळं मांडून झालं. गोदूबाई गप्प बसून राहिली. भटजींनी घड्याळ पाहिलं. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. वाजंत्री वाजवून वाजवून थांबले.

"गोदू," बाळा भोपी जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "सुरू कर. येल झाली."

"तू कर, मंग मी."

"आमदार बसलेत समोर."

"बसूंदे. त्यांना पन ऐकू येल."

"नंतर बोलतो. देवीच्या ओट्यावर बोलतो."

"ओट्यावर मना कुठं जागा हाय? मी मांडवातली बाय. माजा मांडवातला मान गेला होता, मांडवातच देस."

जयदेव पाटावरून म्हणाला, "बाबा, बोला ना. किती टाइम लावताय." तुळशी नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली, हातात मुलाचं बाशिंग घेऊन, आणि ते पुढे करेना.

बाळा भोपीने एकदा आमदारांकडे पाहिलं. मग वाजंत्र्यांच्या माईकपाशी गेला आणि घसा साफ केला.

"गोदूबाई भगत," तो म्हणाला, "हिचा मत पंच्याऐंशी सालाला कपबशीला होता. गावच्या शबुदाला ती जागली. ती खरी हाय. आमचा चुकला."

माईक मोठा होता. आवाज साकवापलीकडे गेला. पहिल्या रांगेत बसलेल्या आमदारांनी टाळी वाजवली. आगऱ्यांच्या लग्नात बरेच विधी असतात आणि हा त्यांतलाच एक असेल असं त्यांना वाटलं. त्यांनी वाजवली म्हणून सगळ्यांनी वाजवली.

गोदूबाईने पदर सारखा केला आणि गायला सुरुवात केली. भोप्यांच्या घराण्यातल्या गेलेल्या माणसांची नावं तिने एकेक करून घेतली. एकही चुकलं नाही.

अक्षता पडल्यावर तुळशी दोन कपबश्या घेऊन तिच्याजवळ येऊन बसली. साडेआठ वर्षांनी पहिला घोट घेऊन ती म्हणाली, "साखर कमी हाय."

"बरोबर हाय," गोदूबाई म्हणाली. "तूच इसरलीस."

बाळा भोपीला तिकीट मिळालं नाही. त्या महिन्यात ते दुसऱ्याच गावाला गेलं, आणि त्याचं कारण त्या माईकमध्ये शोधायचं की आणखी कुठे, यावर चिंचखांडात अजून एकमत नाही.

१९९५ च्या निवडणुकीपर्यंत मोजणीची पद्धत बदलली होती. पेट्यांतल्या मतपत्रिका आधी एकत्र मिसळत आणि मग मोजत, त्यामुळे कोणत्या गावाने काय केलं हे कळायची सोय राहिली नाही. तरी गावकीने नारळ काढला, सवयीने. या वेळी गोदूबाईच्या घराचा हात ठेवायला तिला ओट्यावर बोलावलं. ती चढली, हात ठेवला, उजवा, सगळ्यांना दिसेल असा. मतदान करून आल्यावर तिने विहिरीवर कोणीही न विचारता सांगून टाकलं, शिक्का कशावर मारला ते. बायकांनी मान डोलावली. कोणी शंका घेतली नाही.